पाचव्याची चाल

पाचवा चौथ्यांदा पडला तेव्हा अन्वरभाई हसले नाहीत. आधीच्या तीन वेळा ते हसले होते आणि प्रत्येक वेळी त्याला उठवताना त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, "ऊठ रे बाबा, लग्नाला जायचंय." या खेपेला ते नुसतेच खाली वाकले, त्याच्या गुडघ्यात शिरलेला मुरूम बोटानं काढला आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"सांधा शाबूत आहे, ताई. पण अजून एकदा असा आपटला तर मी जबाबदार नाही."

मी रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर लॅपटॉप. समोर सावरखिंड घाटातली ती दरड. जुलैत डोंगर खाली आला होता आणि सप्टेंबर संपत आला तरी ऐंशी-नव्वद मीटर रस्ता मातीखालीच होता. कंत्राटदाराचं एक पोकलेन ढिगाऱ्याच्या मधोमध घुसून माती उपसत होतं. अलीकडच्या कडेला आम्हाला चाचणीसाठी जागा दिली होती.

पाचवा म्हणजे आमचं पाचवं यंत्र. दोन पाय, दोन हात, छातीवर कॅमेरा, उंची पाच फूट दोन इंच, बॅटरीसकट वजन चौऱ्याण्णव किलो. दरड, भूकंप, कोसळलेली इमारत, जिथं माणूस पाठवता येत नाही तिथं माणसासारखं चालत जाणारं यंत्र करायचं, हे डॉक्टर होनपांचं स्वप्न होतं आणि पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं आम्ही तिघं त्यामागे होतो. होनप सर प्रमुख. अन्वर मुजावर मिरजेचे, त्यांच्या हातात लोखंड मेणासारखं वळायचं. यंत्राचं सगळं शरीर त्यांचं. आणि चाल माझी. म्हणजे पाय कधी उचलायचा, कुठं न्यायचा, वजन कधी द्यायचं हे सगळं गणित.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपत्ती व्यवस्थापनाची समिती येणार होती. पाचवा त्या उतारावर चालला तर काम पुढे चालू, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप. इतकं ते सरळ होतं.

"पुन्हा लाव," होनप सर म्हणाले.

"सर, पुन्हा पडेल."

"सपाटीवर पडत नाही."

"सपाटीवर दरड कोसळत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नव्हते, ते फारसे रागवत नसत. "तुझी ती दुसरी चाल लावावी असं तुझं म्हणणं आहे."

"हो."

सकाळपासून पडत होती ती सरांनी आखून दिलेली, माणसासारखी सरळ चाल; ही दुसरी मी आठ महिने लिहीत होते. तिच्यात पाचवा आधी पाय पुढे न्यायचा, जमिनीला टेकवायचा आणि थांबायचा. मग थोडं वजन द्यायचा. खालचं सरकलं तर पाय उचलून वीतभर बाजूला टेकवायचा. खालची जागा आपल्याला पेलते असं तळव्याला पटलं की मगच सगळं अंग तिच्यावर सोपवायचा. एका मिनिटात चार-पाच पावलं. वर अंग एका बाजूला झुकायचं, कंबर उचलली जायची. बघायला ती चाल सुंदर नव्हती.

"वैजयंती, उद्या सात माणसं बघायला येणार आहेत," सर म्हणाले. "त्यांच्यापुढे हे असं लंगडं यंत्र..."

ते थांबले. अन्वरभाईंनी हातातला पाना उगाचच खाली ठेवून पुन्हा उचलला.

माझ्या डाव्या पायाला पोलिओ आहे. वयाच्या दुसऱ्या वर्षापासून. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि उजव्या हातात काठी, एवढ्या सरंजामानिशी मी चालते. नऊ वर्षांत सरांनी त्याचा एकदाही उल्लेख केला नव्हता. जिन्यावर ते माझ्यापुढे चालायचे आणि वरच्या पायरीवर उभं राहून खिडकीबाहेर बघायचे, मी पोचेपर्यंत. फार सभ्य माणूस.

"ते लंगडत नाही, सर," मी म्हटलं. "तपासतं."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तेवढ्यात डोंगर हलला.

आवाज मोठा नव्हता. एखादा खडीचा ट्रक दूर कुठंतरी रिकामा व्हावा तसा. वरच्या अंगाची ओली माती सैल होऊन खाली उतरली आणि पोकलेनच्या मागून, त्यानं साफ केलेल्या वाटेवरून पसरत दरीकडे गेली. धूळ उडाली नाही. सगळं ओलं होतं. मातीचा लोंढा थांबला तेव्हा पोकलेन एका अंगाला कललेलं होतं आणि त्याच्या नि आमच्यामध्ये चाळीस मीटर ताजा चिखल आणि धोंडे होते.

केबिनचं दार वर उघडलं. त्यातून चालक बाहेर आला आणि वरच्या बाजूच्या साखळीपट्ट्यावर बसला. त्याचं नाव अंकुश दराडे, बीडकडचा, तिशीतला. सकाळी त्यानं पाचव्याबरोबर फोटो काढून घेतला होता.

मुकादमानं आरोळी ठोकली, "लागलंय का?"

"नाय. खांदा लागलाय थोडा. येऊ का?"

"जागचा हलू नको."

एक मजूर आडवी फळी घेऊन निघाला. पाचव्या पावलाला कमरेपर्यंत आत गेला. चौघांनी ओढून काढला, त्याचा एक बूट आतच राहिला. मुकादमानं जिल्ह्याला फोन लावला. बचावपथक निघत होतं, पण पोचायला अडीच तास.

मुकादम पन्नाशीचा, घाटात आयुष्य काढलेला माणूस. त्यानं वर बोट केलं. कड्याच्या पोटातून एक झरा येत होता. सकाळी त्याचं पाणी नितळ होतं. आता ते चहासारखं झालं होतं.

"पाणी माती आणायला लागलंय," तो म्हणाला. "हा डोंगर अडीच तास थांबायचा नाही."

सर मुकादमाला म्हणाले, "आमचं यंत्र दोर घेऊन तिथं जाऊ शकतं."

मुकादमानं पाचव्याकडे पाहिलं. सकाळभर तो पडताना त्यानं पाहिलाच होता. "हे?"

"हे," मी म्हटलं.

सर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "जुनी चाल लाव. दहा मिनिटांत पोचेल."

"पोचणार नाही. पाचव्या मीटरला पडेल."

"तुझी चाल उघड्या डोंगरावर एकदाही चाललेली नाही."

"नाही चाललेली."

"मग?"

"तुमची चाललीय. सकाळपासून चार वेळा पडलीय."

ज्या यंत्रावर उद्याचा दिवस अवलंबून होता ते आम्ही ताज्या दरडीत पाठवणार होतो आणि ते परत येईल याची खात्री दोघांपैकी कुणालाही नव्हती. पण ते पोचेल याची मला होती. मला ती का होती हे मी त्यांना त्या वेळी सांगितलं नाही.

"लाव," ते म्हणाले.

अन्वरभाईंनी दोर पाचव्याच्या कमरेला बांधला, छातीवरच्या पिशवीत वॉकीटॉकी टाकला. मग मैदानावर रेघा मारायला वापरतात ती फक्की सुती कापडाच्या दोन पुरचुंड्यांत भरून त्याच्या घोट्यांना बांधली. प्रयोगशाळेत आम्ही हे नेहमी करायचो. पाऊल पडलं की पांढरा ठसा उमटतो आणि तळवा कुठं टेकला ते कॅमेऱ्यात दिसतं.

पाचवा निघाला.

पहिलं पाऊल त्यानं टेकवलं, थांबला, वजन दिलं. दुसरं. तिसरं. चौथ्याला खालचा चिखल सरकला. त्यानं पाय काढून घेतला, डावीकडे एका धोंड्याच्या खांद्यावर टेकवला, दाबून पाहिलं आणि चढला. दहाव्या-बाराव्या पावलानंतर मजुरांत कुजबूज सुरू झाली.

"बाई, हे कधी पोचायचं?" मुकादम म्हणाला.

"पोचेल."

"अहो, सूर्य मावळेल."

"मावळायच्या आत पोचेल."

सर सारखं घड्याळ बघत होते. मग केव्हातरी त्यांनी घड्याळ बघणं सोडलं आणि माझ्या खांद्यामागे उभं राहून पडद्यावर पाचव्याच्या तळव्याचे आकडे बघायला लागले. मध्यावर तो अडला. एकाच ठिकाणी तीन वेळा पाय टेकवला, तीन वेळा काढून घेतला. कुणीतरी म्हणालं, बंद पडलं बहुतेक. चौथ्या वेळेला त्यानं पाय मागे घेतला, एक पाऊल आला तसा परत गेला आणि वरच्या अंगानं वळसा घालून पुढे निघाला. ही अक्कल मीच त्याला दिली होती, तरी उघड्या डोंगरावर ती वापरताना मी त्याला पहिल्यांदाच बघत होते.

बत्तिसाव्या मिनिटाला त्याच्या उजव्या पायाखालचा दगड वजन घेतल्यानंतर निसटला. तो एका गुडघ्यावर आला, एक हात चिखलात गेला. सरांच्या तोंडून नुसता श्वास निघाला. अशा वेळी काय करायचं ते मी चालीत लिहिलंच नव्हतं. मी चाल थांबवली आणि एकेक सांधा हातानं हलवत त्याला उभं केलं: आधी हात घट्ट रोवला, मग कंबर, मग चांगला पाय, सगळ्यांत शेवटी दुसरा. असं उठायची मला सवय होती.

चाळिसाव्या मिनिटाला पाचवा पोकलेनला टेकला. एकशे एकसष्ट पावलं झाली होती.

अंकुशनं पिशवीतून वॉकीटॉकी काढला. "हॅलो. ऐकू येतंय का?"

"येतंय," मी म्हटलं. "यंत्राच्या कमरेचा दोर सोडा आणि स्वतःच्या छातीला बांधा. काखेखालून. गाठ पुढे."

त्यानं बांधला. इकडे मुकादमानं सहा जण दोराला लावले. "चला, ओढा त्याला."

"ओढायचं नाही," मी म्हटलं.

"मग?"

"चाळीस मीटर धोंड्यांवरून ओढलात तर इथं येईपर्यंत त्याचं काय होईल? तो चालत येईल."

"कुठून चालत येईल, बाई? आमचा माणूस कमरेपर्यंत गेला."

मी बोट केलं. काळपट चिखलावर, धोंड्यांच्या माथ्यांवर, पोकलेनपासून आमच्या पायांपर्यंत पांढरे ठसे उमटले होते. नागमोडी, मध्ये एक वळसा घेतलेले. मला ते मी बोट करेपर्यंत तसे दिसले नव्हते. मी कॅमेऱ्यासाठी फक्की बांधून घेतली होती.

"पाचवा चौऱ्याण्णव किलोचा आहे," मी म्हटलं. "त्याला ज्या जागेनं पेललं ती अंकुशला पेलेल."

सर हळूच म्हणाले, "एकदा पेललं म्हणजे दुसऱ्यांदा पेलेलच असं नाही, वैजयंती."

"म्हणून दोर आहे. आणि म्हणून तो सावकाश येईल."

मुकादमानं झऱ्याकडे पाहिलं, मग ठशांकडे. "दोर ढिला सोडू नका," तो माणसांना म्हणाला. "पण ओढू नका."

मी वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "अंकुश, पांढरे ठसे दिसतायत?"

"दिसतायत."

"त्यांच्यावरूनच यायचं. वीतभरसुद्धा इकडे-तिकडे नाही. आणि ऐका, पाय टाकायचा नाही. ठेवायचा."

"म्हंजे?"

"पाऊल टेकवा. थांबा. थोडं वजन द्या. खालचं हलतंय का बघा. नाही हललं तर मग सगळं अंग द्या. मागचा पाय तोवर उचलायचा नाही."

"ताई, वरनं बारकी दगडं यायलेत. पळत येऊ का? लवकर होईल."

"पळालात तर पहिल्या दहा पावलांत बुडाल. ठेवा पहिलं पाऊल."

त्यानं ठेवलं. मी मोजायला लागले. एक. थांबा. वजन. दोन. वॉकीटॉकीत त्याचा श्वास ऐकू येत होता. वीस पावलांनंतर त्याची लय लागली. वळशाच्या ठिकाणी तो थांबला.

"इथनं सरळ गेलं तर जवळ पडंल."

"तो सरळ जाऊन परत आलाय. त्यानं तीनदा बघितलंय. वळसा घ्या."

त्यानं वळसा घेतला. वरून मूठभर खडे घरंगळत आले आणि त्याच्यासमोरून गेले. तो गोठल्यासारखा उभा राहिला.

"अंकुश."

"ताई, माझ्याच्यानं व्हत नाही."

"होतंय. सत्तर पावलं झालीत."

तो म्हणाला, "तुमी तिकडं खुर्चीवर बसून सांगायलात. तुमी चाललाव का कधी असल्या जमिनीवरनं?"

मुकादम काहीतरी बोलायला पुढे झाला. मी हातानं त्याला थांबवलं.

"मी रोज असंच चालते," मी म्हटलं. "डांबरी रस्त्यावरसुद्धा. घरातसुद्धा. प्रत्येक पाऊल आधी टेकवून बघते, मग त्याच्यावर उभी राहते. माझा एक पाय कधीही दगा देतो. एकोणतीस वर्षं झाली, अजून चालतेय. तुमचे दोन्ही पाय धड आहेत. ठेवा पुढचं पाऊल."

लांबवर त्याची आकृती किंचित झुकली आणि त्यानं पाऊल ठेवलं.

माझ्या मागे होनप सर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी वळून पाहिलं नाही; मला मोजायचं होतं.

शेवटच्या दहा पावलांना मजूरच मोठ्यानं मोजायला लागले. अंकुश डांबरावर आला, दोन पावलं नेहमीसारखी चालला आणि खाली बसला. मुकादमानं त्याच्या छातीचा दोर सोडला, पाण्याची बाटली दिली. तो सगळं पाणी प्यायला. मग त्यानं माझ्या कॅलिपरकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं आणि नजर फिरवून पोकलेनकडे बोट केलं.

"त्याला आनायचं नाही का?"

"आणू," मी म्हटलं आणि पाचव्याला वळवलं.

तो अठरा पावलं आला. एकोणिसाव्या पावलाला त्यानं पाय टेकवला, दाबला, काढून घेतला. दुसरीकडे टेकवला, काढून घेतला. तिसरीकडे टेकवला. पडद्यावर मला तळव्याचे आकडे दिसत होते; कुठंच काही पेलत नव्हतं. त्यानं पाय उचलून घेतला आणि एका पायावर उभा राहिला. मी त्याला तेवढंच शिकवलं होतं.

मग वरचं सगळं आलं. या वेळी आवाज मोठा होता. आम्ही रस्त्यावरून मागे धावलो, म्हणजे ते धावले आणि अन्वरभाईंनी मला दंडाला धरून अर्धवट उचललं. वळून पाहिलं तेव्हा पोकलेन नव्हतं, पांढरे ठसे नव्हते, पाचवा नव्हता. अन्वरभाई उकिडवे बसले आणि रिकाम्या दोराची गुंडाळी करायला लागले. खूप वेळ करत होते.

बचावपथक तासाभरानं पोचलं.

दुसऱ्या दिवशी समिती ठरल्याप्रमाणे आली. दाखवायला यंत्र नव्हतं. लॅपटॉपमध्ये साठलेलं चाळीस मिनिटांचं चित्रण होतं आणि अंकुश दराडे होता. समितीतल्या एकांनी विचारलं, याची चाल इतकी मंद का? सर म्हणाले, "माणूस मागून येऊ शकावा म्हणून." सहावा तयार झाला, सातवाही झाला, यावरून पुढचं कळेलच. आज ज्या तीन जिल्ह्यांत आमची यंत्रं आहेत तिथं ती माणसांऐवजी जात नाहीत. माणसांच्या आधी जातात.

पण ते नंतरचं. दरडीच्याच दिवशी संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा, आम्ही तालुक्याच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसलो होतो. अन्वरभाई मिरजेला फोन करायला फाटकापाशी गेले होते. सरांनी चहाला हात लावला नव्हता.

"ती मोजमापं," ते म्हणाले. "तळव्यावरचा दाब, थांबण्याचा वेळ, कंबर उचलण्याचा कोन. तू मला म्हणाली होतीस, प्रयोगातून घेतली."

"प्रयोगातूनच घेतली."

"कुणावर?"

"माझ्यावर. रविवारी. अन्वरभाई प्रयोगशाळेचं कुलूप उघडून द्यायचे आणि मी दाब मोजणाऱ्या फळीवरून चालायचे. आठ महिने."

"मला का नाही सांगितलंस?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं, कदाचित फार वर्षांपासून. "तुम्ही कधी बघितलं नाहीत, सर."

त्यांनी मान डोलावली. कप थोडा बाजूला सारला. "मुद्दामच नाही बघितलं. मला वाटायचं, ते बरं."

"बरंच होतं. मला कधी वाईट वाटलं नाही."

"पण मी चाल शोधत होतो," ते म्हणाले. "नऊ वर्षं. आणि ती जिन्यावरून माझ्या मागून येत होती."

त्यांनी खिशातून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि खुर्ची भिंतीला लावून व्हरांड्याकडे तोंड करून बसले.

"त्या खांबापासून या खांबापर्यंत चाल."

मी काठी घेऊन उठले. खांबापर्यंत गेले, वळले आणि आले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नजर न चोरता माझ्याकडे बघत होतं आणि मला अवघडल्यासारखं होत नव्हतं. फरशीवर कॅलिपरचा आवाज होत होता.

"पुन्हा," ते म्हणाले. मी पुन्हा चालले. त्यांनी वहीत काही लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

"डावा पाय ठेवायच्या आधी तू उजवा खांदा किंचित मागे घेतेस. दर वेळी. ते पाचव्यात नव्हतं. तोल त्यानंच सावरतो बहुतेक. का घेतेस?"

मी जागच्या जागी उभी राहिले. खांदा हलवून पाहिला.

"घेते?" मी विचारलं. एवढ्या वर्षांत ते मला कुणी सांगितलंच नव्हतं.